दर हलतोय

"दर हलतोय, इंजिनिअर," असं म्हणतच त्या माझ्या ऑफिसचा जिना चढायच्या. दारात आल्या की उजव्या हाताचा पंजा पालथा धरून हवेत डुलवायच्या, पाण्यावर होडी डुलावी तसा. वर चाललाय का खाली, असं मी विचारलं तर म्हणायच्या, "ते सांगते ना. आधी पाणी द्या."

पाणी उभ्यानंच प्यायच्या. चहा मागवला तर अर्धा प्यायच्या, तेवढ्यात फोन वाजायचा, आणि बोलत बोलत खाली रस्त्यावर. उरलेला अर्धा चहा माझ्या टेबलावर निवत राही. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. पुढं काय होणार ते आपल्याआधी कळावं, म्हणून जे धड कुठं टेकत नाही.

संगमनेरात नाशिक-पुणे रस्त्याला लागून, औषधाच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. घरकर्ज देण्याआधी जागेचं मूल्यांकन करून द्यायचं, हे माझं काम. त्या घरकर्ज मिळवून देणाऱ्या एजंट होत्या. आधी बरीच वर्षं त्यांनी बालवाडीत शिकवलं होतं. बालवाडी बंद पडली तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. नवरा दूध डेअरीत मेकॅनिक, मुलगी शिकत होती. घरी बसणं जमणार नव्हतं, म्हणून या धंद्यात आल्या. लोक त्यांना 'व्याजाच्या बाई' म्हणत. मी नुसतंच 'बाई' म्हणायचो.

दर दोन महिन्यांनी सकाळी दहा वाजता मुंबईत देशाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर भाषण करून व्याजाचं धोरण जाहीर करतात आणि त्यावर सगळ्यांच्या घरकर्जाचे दर वरखाली होतात. आपल्याला हे दुसऱ्या दिवशी पेपरात कळतं, नाहीतर कळतच नाही. बाई त्या दिवशी सकाळपासून अस्वस्थ असायच्या. एकदा आम्ही तळेगावकडे एक प्लॉट बघायला चाललो होतो. दहाला पाच मिनिटं असताना त्यांनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली. मोबाईल बॉनेटवर उभा केला आणि त्या बाभळीच्या तुटक्या सावलीत उभ्या राहिल्या. भाषण इंग्रजीत. त्यांना त्यातलं निम्मंशिम्मं कळत असावं. त्या शब्दांपेक्षा माणसाकडे बघत होत्या.

"आज काही करत नाहीत," त्या मध्येच म्हणाल्या.

कशावरून, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, बालवाडीत एखादं पोर खोडी काढणार असलं की आधी फार शहाण्यासारखं बसतं. हे साहेब आज तसे बसलेले नाहीत. आणि खरोखरच त्या दिवशी दर होता तिथंच राहिला.

ही झाली गंमत. पण त्यांचा अभ्यासही होता. मार्केट यार्डात जाऊन टोमॅटो आणि कांद्याचा भाव विचारायच्या, पेट्रोल पंपावर रेंगाळायच्या, मराठी पेपरातलं अर्थकारणाचं पान कापून पर्समध्ये ठेवायच्या. भाज्या चढल्या की महागाई चढते, महागाई चढली की व्याज चढतं, एवढं साधं गणित. पण ते आमच्या भागात दुसरं कुणी मांडत नव्हतं. त्यांचा अंदाज ओळीनं पाच-सहा वेळा बरोबर आला आणि मग बाईंचं नाव झालं. शेवगावचा एक कापडवाला, ज्याला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, फोन करून विचारायचा की आता कर्ज उचलू का दिवाळीनंतर. ज्या फायनान्स कंपनीला त्या गिऱ्हाइकं आणून द्यायच्या, तिथले मॅनेजरही हळूच विचारायचे. बाईंनी 'थांबा' म्हटलं म्हणून लोकांनी पायाभरणीचे मुहूर्त पुढं ढकललेले मी पाहिलेत. बाई ते कौतुक मनाला लावून घेत नव्हत्या असं म्हणवत नाही. चष्मा कपाळावर चढवून अंदाज सांगताना त्यांचा चेहरा खुलून यायचा.

देवळाली प्रवराच्या सिस्टरचं प्रकरण आलं ते याच दिवसांत.

सिस्टर म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रातल्या परिचारिका. वय त्रेचाळीस. नवरा वारलेला, सोबत म्हातारे सासरे. तीन खोल्यांचं घर बांधायचं होतं. मी मूल्यांकनाला गेलो तेव्हा बाई बरोबर होत्या. उसाच्या कडेला नुसता चुना मारून आखलेला प्लॉट होता आणि सिस्टर त्या पांढऱ्या रेघांमधून चालत, हे स्वयंपाकघर, ही मामंजींची खोली, असं दाखवत होत्या. दाराच्या जागेतूनच आत यायच्या आणि दाराच्या जागेतूनच बाहेर जायच्या. रेघ ओलांडत नव्हत्या.

त्यांनी एकच प्रश्न विचारला. व्याज कायम दराचं घेऊ का बदलत्या दराचं? कायम दराला हप्ता जास्त बसत होता, पण तो पंधरा वर्षं हलणार नव्हता. बदलता दर तेव्हा अगदी तळाला होता.

"बदलता घे," बाई म्हणाल्या. "दोन-तीन वर्षं दर वर जात नाही. गेला तर मला विचार. माझ्यावर सोड."

सिस्टरनी ते त्यांच्यावर सोडलं. पंधरा वर्षांचं कर्ज, निवृत्तीच्या महिन्यात शेवटचा हप्ता, असं बाईंनी बसवून दिलं. बाईंना त्यांचं कमिशन मिळालं आणि व्यवहारापुरता त्यांचा संबंध तिथं संपला.

घराला गिलावा झाला, वास्तुशांत झाली. त्यानंतर काही महिन्यांतच, ठरलेल्या बैठकीची वाट न बघता, एका दुपारी अचानक भाषण झालं आणि दर वाढला. बाई माझ्याकडे धावत आल्या आणि म्हणाल्या, एकदाच आहे हे, पुढच्या वेळी थांबेल. पुढच्या वेळी तो पुन्हा वाढला. त्याच्या पुढच्या वेळीही. दर वेळी बाई म्हणत, आता थांबतोय, आणि दर वेळी तो एक पायरी वर. त्यांचा हवेतला पंजा हळूहळू बंद झाला. भाषणाच्या दिवशी त्या माझ्याकडे येईनाशा झाल्या.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे बाईंची तगमग कळेल. बदलत्या दराच्या कर्जात दर वाढला तरी हप्ता बहुधा तोच ठेवतात, मुदत वाढवतात. म्हणजे घेणाऱ्याला काही झालंय हे जाणवतच नाही. खात्यातून दर महिन्याला तेवढीच रक्कम जाते. फक्त शेवटचा हप्ता, जो पंधरा वर्षांवर होता, तो लांब लांब सरकत राहतो. सिस्टरच्या मोबाईलवर इंग्रजीत मेसेज आले होते. त्यांनी जाहिरात समजून पुसून टाकले.

बाईंनी मात्र फायनान्स कंपनीत जाऊन हिशेब काढून आणला होता. शेवटचा हप्ता निवृत्तीच्या पलीकडे जवळजवळ सहा वर्षं गेला होता. पगार बंद, अर्ध्याहून कमी पेन्शन, आणि हप्ता चालूच. तो कागद त्या पर्समध्ये घेऊन फिरत होत्या. मला दोनदा दाखवला, आपण पहिल्यांदाच दाखवतोय अशा थाटात.

तिकडून सिस्टर दर पंधरा दिवसांनी फोन करायच्या. घर छान आहे, मामंजी ओट्यावर बसतात, तुमच्यामुळं झालं, ताई. एकदा त्यांनी एसटीच्या एका ओळखीच्या कंडक्टरबरोबर पेरूंची पिशवी पाठवली. बाईंनी ती तशीच माझ्या टेबलावर आणून ठेवली. "तुम्ही खा," म्हणाल्या, आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग दारापाशी. मग परत खिडकीपाशी.

मी त्यांना सांगितलं की तुम्ही काही फसवलं नाहीत, तुम्हाला जे वाटलं ते सांगितलं. मॅनेजरांनीही तेच सांगितलं होतं, तुमचं काम कर्ज मिळेपर्यंतच, पुढचं आमच्याकडे. बाई म्हणाल्या, "ती मला व्याज विचारत नव्हती हो. भिऊ का नको, एवढंच विचारत होती. आणि मी नको म्हणाले."

तरीही सिस्टरकडे जायला त्यांना चार महिने लागले. दर शनिवारी ठरायचं आणि मोडायचं. एकदा गुडघा दुखत होता, एकदा मुलीला बघायला पाहुणे येणार होते, एकदा नुसतंच, आज नको. शेवटी मीच एका रविवारी गाडी काढली. लोणी गेलं, कोल्हारचा पूल गेला, बाई सारखा सीटबेल्ट काढत होत्या आणि लावत होत्या. राहुरीच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागं आम्ही अर्धा तास अडकलो. त्या म्हणाल्या, आता उशीर झाला, ती ड्यूटीला गेली असेल, परत फिरू. मी फिरलो नाही.

सिस्टर घरीच होत्या. ओट्यावर सासरे बसले होते, त्यांनी आम्हाला राम राम केला. आत नवी फरशी, भिंतीला आकाशी रंग. बाईंनी पाण्याला हातसुद्धा न लावता कागद काढला, सिस्टरपुढं धरला आणि सगळं एका दमात सांगितलं. मुदत किती वाढली, का वाढली, आणि आपण काय बोललो होतो. सांगताना त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

सिस्टरनी कागद हातात घेतला. आकडा कुठं आहे ते बोटानं शोधलं. मग विचारलं, म्हणजे मी चौसष्टची होईन? बाई हो म्हणाल्या. बाहेर म्हातारे खोकले तशा सिस्टर उठल्या, त्यांना पाणी देऊन आल्या आणि परत बसल्या.

बाई म्हणाल्या, "पण आता वाढ थांबलीय. मला वाटतं पुढच्या वर्षात दर उतरायला..."

"ताई," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. ताप किती आहे ते सांगावं तसा होता. "पुढं काय होणार ते आता नका सांगू. उद्या सकाळी मी काय करायचं ते सांगा."

बाईंनी पर्समधून पेन काढलं, आणि मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच, त्या मांडी घालून जमिनीवर नीट बसल्या. तो कागद उलटा केला. दर वर्षी पगार वाढला की हप्ता थोडा वाढवून घ्यायचा, त्याचा अर्ज असतो. जुन्या कर्जदाराला थोडी फी भरून दर कमी करून मिळतो, त्याचा दुसरा अर्ज. दिवाळीला हातात काही जादा आलं तर ते मुद्दलात भरायचं आणि पावती घ्यायची. सिस्टर विचारत होत्या, बाई लिहीत होत्या. दोन तास गेले. निघताना सिस्टर आम्हाला 'पुन्हा या' म्हणाल्या नाहीत. पण फाटकापर्यंत आल्या.

ते दोन्ही अर्ज बाईंनी स्वतः फिरून मंजूर करून घेतले. फी कुणी भरली ते मी विचारलं नाही. सहा महिन्यांनी नवा हिशेब आला तेव्हा शेवटचा हप्ता निवृत्तीच्या बराच अलीकडे, पलीकडे नव्हे, अलीकडे आला होता. त्यात मुंबईच्या भाषणाचा काही हात नव्हता.

त्यानंतर बाईंनी अंदाज सांगणं बंद केलं. कुणी विचारलं, दर कुठं चाललाय, तर म्हणायच्या, मला ठाऊक नाही. तुमचा पगार सांगा, वय सांगा, वाढला तर किती झेपेल ते बघू. लोकांना हे आवडलं नाही. माणूस एजंटाकडे जातो तो कुणीतरी छातीठोक सांगावं म्हणून. बसस्टँडजवळ एक नवा एजंट आला होता, तो सगळ्यांना सांगायचा, दोन महिन्यांत उतरतंय, माझ्याकडे आतली खबर आहे. शेवगावचा कापडवाला त्याच्याकडे गेला. मीही एकदा बाईंना म्हणालो, काहीतरी सांगत जा हो, खोटं नका सांगू, पण काहीतरी. त्या म्हणाल्या, "तेच काहीतरी मी सांगत होते."

फोन मात्र येतच राहिले. जेवताना, देवळात, मुलीच्या लग्नाच्या बस्त्यातसुद्धा. प्रत्येकाला ठाऊक नाही, ठाऊक नाही म्हणून त्या इतक्या दमल्या, की लग्न उरकल्यावर त्यांनी कामच सोडलं आणि तो नंबरही रिचार्ज न करता मरू दिला. नवरा निवृत्त झाला तसे दोघं मुलीजवळ, नाशिककडे राहायला गेले. जाताना मला भेटल्या नाहीत. खालच्या औषधवाल्याकडे निरोप ठेवला होता की इंजिनिअरना सांगा, घाईत आहे.

मध्यंतरी व्याजदर खरोखरच उतरला, आणि एकदा उतरून थांबला नाही. बातमी ऐकली त्या सकाळी माझा हात आपोआप त्यांच्या नंबरावर गेला. घंटा वाजली. मला आनंद झाला. पलीकडून एका माणसानं हॅलो म्हटलं.

तो श्रीरामपूरकडचा फरशी बसवणारा निघाला. नवं सिमकार्ड घेतलं तेव्हा त्याला हा नंबर मिळाला होता. मी चुकलं म्हणून ठेवणार, तर तोच म्हणाला, "व्याजाच्या बाई पायजे व्हत्या का? लई जन इचारत्यात, साहेब. रोज येक-दोन फोन असतोच."

मग तुम्ही काय सांगता, असं मी विचारलं.

"काय सांगनार? म्हनतो, दराचं मला ठाव न्हाई. घर बांधायला घ्या, फरशी मी बसवून देतो." तो हसला. "दोन कामं मिळाली बी तेच्यातून."

आता अधूनमधून त्याचाच मला फोन येतो. कुणीतरी दरासाठी फारच मागं लागलेलं असतं, त्याला तो माझ्याशी जोडून देतो. पलीकडे एखादी बाई असते, एखादा शिक्षक असतो, आवाजात तीच घालमेल. आत्ता घेऊ का थांबू? मी म्हणतो, मला माहीत नाही, तुमचं वय सांगा, पगार सांगा. मग पेन घेतो, त्यांच्याबरोबर हिशेब करतो. आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ मला खुर्चीत बसवत नाही.