बंदुकीला खोबरेल

कराडहून निघताना आईनं माझ्या हातावर दही घातलं आणि बाबांनी खोबरेल तेलाची बाटली दिली. "केसांना लाव," म्हणाले, "आणि एखादं दार कुरकुरलं तर त्यालाही." बाबांची पिठाची गिरणी. 'यंत्राला तेल आणि देवाला फूल चुकवायचं नाही,' एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांनी मला दिलं. गाडी निघाली तेव्हा आई रडत होती आणि बाबा ड्रायव्हरला सांगत होते की मागचं चाक आवाज करतंय.

मिसिसागाच्या मैत्रिणींनो, तुम्ही मला बेसमेंटपासून ओळखता. चौघींत एक वॉशरूम, ग्रोसरीतला पार्टटाइम जॉब, उठता-बसता पीआरच्या, म्हणजे कायम राहायच्या परवान्याच्या गप्पा. मग मी पार उत्तरेकडच्या वीजघरातल्या नोकरीला अप्लाय केलं आणि ती मिळाली, तेव्हा तुम्ही विचारलंत, "अगं मेधा, तिथे माणसं राहतात का?" राहतात. पांढरी अस्वलंही राहतात. तुमच्या ग्रुपवर 'मेधानं बंदूक घेतली' एवढंच पोचलं आणि पुढचं तुम्ही मनानंच रचलंत, म्हणून हे लिहितेय. कराडलाही वाचून दाखवा.

इथला रस्ता गावात सुरू होतो आणि गावातच संपतो. डिझेलच्या टाक्या त्याच्याही पलीकडे. तिकडे जायचं तर सोबत बंदूक लागते. गावाची अस्वलांसाठी गस्त आहे, पण माझ्यासारखे बाहेरून आलेले लोक कॉन्ट्रॅक्ट संपलं की जातात, म्हणून त्यांना कुणी गस्तीत धरत नाही. त्यांची नावंसुद्धा लोक धड लक्षात ठेवत नाहीत. मला पाहुणी म्हणून राहायचा कंटाळा आला होता. गस्तीची प्रमुख एलिसापी, साठीची, बुटकी आणि कमी बोलणारी इनुइट बाई. ती म्हणाली, "आधी लायसन्सचा कोर्स कर. मग रायफल घे. मग बघू." बाबांचं 'मग बघू' म्हणजे बहुतेक नाहीच असतं, त्यामुळे मी जास्तच पेटले.

आमच्या घराण्यात शस्त्र म्हणजे विळी. पाल हाकलायलाही शेजारच्या पवारकाकांना बोलवायचं. पण लायसन्सचा कोर्स पार पडला, आणि खरेदी म्हटली की आपण हटत नाही. मी रिव्ह्यू वाचून वाचून डोळे फोडले. मला ऑटोमॅटिक हवी होती, कारण वॉशिंग मशीनपासून आपली समजूत अशी की ऑटोमॅटिक म्हणजे वरचं मॉडेल. एलिसापीनं दुकानात माझ्या हातांत जाड मिटन चढवले आणि पुढ्यात बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल धरली. बोल्ट म्हणजे आपल्या मोरीच्या दाराची कडीच की. उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली पाडा, तेव्हा कुठे पुढची गोळी. "भाग कमी, तेवढं थंडीत बिघडणारं कमी," एलिसापी म्हणाली. मग पार्का घालून खांद्याला लावायला सांगितली, कारण जाड कोटावर दस्ता लांब पडतो. दुर्बीण नको, तिच्यावर वाफ धरते. गोळी तीच, जी गावात हमखास मिळते. मी विचारलं, दुसऱ्या रंगात आहे का? दुकानदार उगाचच आत निघून गेला.

रायफल घरी आली आणि पाठोपाठ खंडेनवमी. पालीला घाबरणाऱ्या बाबांनी तोवर अख्ख्या पेठेत सांगून ठेवलं होतं. व्हिडिओवर म्हणाले, "शस्त्र घरात आणि पूजा नाही?" एलिसापीनं बजावलं होतं की रायफल बाहेरच्या थंड पोर्चमध्येच ठेव, उबेत आणली की तिला घाम सुटतो. पण देव आत होते ना. गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवून रायफल आत आणली. पाट, रांगोळी, हळदकुंकू, अक्षता, झेंडूच्या जागी नारंगी लोकरीचे गोंडे. मग तेल. वीजघरातलं जाड वाटलं, म्हणून हीटरजवळचं पातळ झालेलं खोबरेल घेतलं. "आतूनही लाव," बाबा म्हणाले. आतूनही लावलं.

थंडीत खोबरेल गोठतं हे कराडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे.

हॅलोविनला माझी पहिली गस्त. पोरं पार्क्यावर भुताचे कपडे चढवून दारोदार फिरत होती आणि कचरा-डेपोकडून एक अस्वल घरांच्या दिशेनं येत होतं. एलिसापी म्हणाली, "लोड कर." मी कडी उचलली. हलेना. ओढली, ठोकली, तिला शिव्या दिल्या. अस्वल मागच्या पायांवर उभं राहून हुंगू लागलं. मग माझ्या हातून तेच झालं जे गिरणीत कुत्रं शिरल्यावर होतं. दोन्ही हात वर करून मी जीव खाऊन ओरडले, "हाड! हाड हाड!" त्याच वेळी एलिसापीनं गाडीचा हॉर्न दाबला. अस्वलानं जरा विचार केला आणि ते समुद्राकडे वळलं. ते हॉर्नमुळे गेलं असं एलिसापी म्हणते. मी वाद घालत नाही. गावातली पोरं मात्र आता कुत्र्यांना हाड म्हणतात.

एलिसापीनं माझी रायफल हुंगली. दस्त्यावरच्या कुंकवावरून बोट फिरवलं, तशी बोल्टमधून एक अक्षता पडली. मी कसंबसं सांगितलं, की जे आपल्याला सांभाळतं त्याला वर्षातून एकदा पाटावर ठेवून आम्ही नमस्कार करतो. ती हसली नाही. "इथे कोरडी ठेवायची," म्हणाली, आणि रायफल घेऊन गेली. पुढे काय, तर मग बघू. घरी येऊन मी खूप रडले. पुन्हा पाहुणी झाले होते. त्यानंतर तिनं मला गस्तीत फक्त हातातला हॉर्न वाजवायला नेलं. कॉन्ट्रॅक्ट संपत आलं, तेव्हा लोक विचारू लागले, कधी जाणार? मी गेले नाही.

यंदा खंडेनवमीला पाट पोर्चमध्येच मांडला, थंडीत कुडकुडत. रायफल नव्हती, म्हणून पाना आणि हॉर्न ठेवला. दार वाजलं. एलिसापी दोन रायफली घेऊन उभी होती, एक तिची, एक माझी. दोन्ही तिनं स्वतः पाटावर ठेवल्या आणि म्हणाली, "तेल नाही."

फोनवरून बाबांनी विचारलं, "दुसरी कुणाची गं?"

"आमच्या प्रमुखबाईंची."

"मग त्यांच्या बंदुकीलाही कुंकू लाव. आणि तू घरी कधी येणार?"

एलिसापीनं विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. तिनं समुद्राकडे बघून हिशोब केला. "पाणी गोठून अस्वलं लांब गेली की जा. त्याआधी नको, गस्तीत माणूस कमी पडेल."

मी बाबांना तसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे तुझ्यावाचून तिथं अडतं?"

"अडतं, बाबा."

"मग सवडीनं ये," बाबा म्हणाले. "गिरणी सोडून मी तरी कधी कुठे गेलो?"