भरला तांब्या

"पिऊन आले ना जी? खरं सांगा!"

"अंबे, चहाबिगर काही नाही घेतलं वं. माहे पायच माहं आयकून नाही राहिले."

भिंतीपलीकडचं हे भांडण मी दहा वर्षांची असताना कान लावून ऐकलं. पलीकडे अंबाबाई आणि तिचा नवरा गुणवंता. तो मोहगावच्या शाळेत कावडीने पाणी भरायचा. खांद्यावर दोन भरल्या घागरी, पण वाटेत थेंब सांडायचा नाही.

त्या पावसाळ्याअखेर त्याला हाडमोड्या ताप आला. आता त्याला डेंगू म्हणतात. ताप सात दिवसांत उतरला, पण गुणवंता उठला तो झुलतच. जीभ जड, घास तोंडाऐवजी गालाला लागे. अंबाबाईने लिंबू पाजलं, चिंचेचं पाणी पाजलं. न प्यालेली दारू उतरणार कशी?

शाळेतल्या दोन घागरी फुटल्या आणि गावभर बोभाटा झाला. आमच्याकडे दारूचा आळ आला की विहिरीपासून मारुतीपर्यंत भरला तांब्या न्यायची रीत होती. सांडला नाही तर माणूस खरा. अंबाबाईच म्हणाली, "न्या जी तांब्या. साऱ्यायची तोंडं बंद होतीन."

तांब्या पारापाशी पोचला तेव्हा निम्मा होता. बाकी पाणी धोतरावर.

"आज जास्तच झाली वाटते!" पारावर बसलेला भैय्याजी ओरडला. हसणाऱ्यांत मीही होते.

कामावरून काढलं त्याला. दिवाळीनंतर छिंदवाड्याच्या डॉक्टरांनी त्याला नाकाला बोट लावायला सांगितलं, ते डोळ्याशी गेलं. ताप मेंदूत, तोल सांभाळायच्या जागी शिरला म्हणाले, औषध नाही. त्यांची चिठ्ठी शाळेतल्या रघुनाथराव गुरुजींनी पारावर मोठ्याने वाचली. पण कावड तोवर दुसऱ्याच्या खांद्यावर गेली होती. परत कामावर घ्या म्हणून अर्ज नागपूरला करायचा की भोपाळला, हे गुरुजींनाही कळेना. तोवर आपली राजधानी असलेलं नागपूर नुकतंच दुसऱ्या राज्यात गेलं होतं, आपण मध्य प्रदेशात राहिलो होतो. दोन्हीकडे धाडला. उत्तर कुठूनच आलं नाही.

गुणवंता मात्र रोज सकाळी तांब्या भरून निघे. "आज भरलेला नेतो, अंबे." अंबाबाई मागोमाग, हात न लावता. निम्मा पोचे, मग परत विहीर. तीन खेपांत मारुतीची आंघोळ व्हायची.

दोन वर्षांनी, माघात, छातीत कफ भरलेला असतानाही तो निघाला. तो दिवस त्याचा शेवटचा, हे आम्हाला कुठं ठाऊक! तीन खेपा झाल्या. घरी येऊन त्याने तांब्या घासला, ओट्यावर पालथा घातला नि म्हणाला, "चहा टाक वं."