शोकेसमधला रिकामा खिळा

फोटो गोरा करून द्या म्हटलं की शाहूपुरीतले आमचे फोटोमास्तर उखडत. स्थळाला पाठवायच्या फोटोसाठी मुलींच्या आया अडून बसत. मास्तर म्हणत, "वैनी, चुना भिंतीला लावा की. पोरीला कशाला?" गिऱ्हाईक तुटे, मास्तर बदलत नसत.

माझी धाकटी बहीण सुमन जन्मतःच पांढरी. केस, पापण्या, सगळंच. गल्ली तिला भुरी म्हणायची. उजेडात तिचे डोळे मिटत, म्हणून घरच्या फोटोंत ती नसेच. एकदा ती अर्जाला लावायच्या फोटोसाठी गेली, तेव्हा मास्तरांनी दिवे बंद केले, खिडकीचा पडदा अर्धा ओढला आणि गप्पा मारत बसले. "घाई न्हाय बाई. डोळं तुझं, उजेड माझा. मीच सांभाळून घेतो."

त्या गप्पांत निघालेला तिचा हसरा फोटो त्यांनी तिला विचारून शोकेसमध्ये लावला, नवरीमुलींच्या ओळीत मधोमध. "कुठली गं ही? देखणी हाय की!" असं कुणी बाई म्हणाल्याचं सुमनने मला दहादा सांगितलं. भाजीला जाताना ती मुद्दाम तिकडून वळसा घ्यायची.

तेव्हाच माझं लग्न ठरत होतं. मुलीकडचे पाहुणे यायच्या दिवशी सुमनला इचलकरंजीला मावशीकडे धाडायचं, हे मी ठरवलंच होतं. पण त्यांचा रस्ता दुकानावरून होता. ती माझी बहीण हे कुणी सांगितलं, तर घराण्याच्या रक्तातच आहे म्हणतील, या भीतीने मी मास्तरांना फोटो उतरवायला सांगितलं.

"तिला काय सांगू?"

"काहीही सांगा. माझं नाव नको."

फोटो उतरला. लोकांनी नावं ठेवली म्हणून मास्तरच बदलले, असं सुमनने मनाशी धरलं आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं. मास्तरांनी माझं नाव घेतलं नाही. त्या जागी दुसरा फोटोही लावला नाही. मधोमध नुसता खिळा. माझं लग्न झालं. बायकोने पहिल्याच दिवशी सुमनला जवळ घेतलं. तरी मी तोंड उघडलं नाही.

गेल्या महिन्यात मास्तर गेले. भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या बायकोने सुमनच्या फोटोची ती फ्रेम माझ्या हातात दिली. "रोज पुसायचे."

अकरा वर्षांनी मी सुमनला सगळं सांगितलं. तिने फ्रेम नाकाशी धरून बराच वेळ पाहिली.

"मी दुकानावरनं जाताना खुर्ची वाजायची, ते उठून उभारायचे, दादा," ती म्हणाली. "मी एकदाबी तिकडं मान वळवली न्हाय."