हत्ती नसलेली कादंबरी

माझी कादंबरी कोणीच वाचलेली नाही, असा संशय मला पहिल्याच आठवड्यात आला. कारण ती सगळ्यांना आवडली होती.

चूक माझीच होती. नागपूरहून पुस्तकांचं खोकं आलं ते नेमकं संक्रांतीच्या तोंडावर. हळदीकुंकू चार दिवसांवर होतं आणि दर वर्षी गाळण्या, डब्या, साबणदाण्या वाटून मला वीट आला होता. म्हटलं, यंदा वाण म्हणून पुस्तकच लुटू. रायपुरात, तेलीबांध्याच्या आमच्या फ्लॅटवर महिला मंडळाच्या सगळ्या बायका आल्या. हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि एकेकीच्या हातात माझी कादंबरी ठेवली. वाणाला कोणी नाही म्हणत नाही. पण नाही म्हणता न येणाऱ्या वस्तूचं पुढे काय होतं, हे मला कळायला हवं होतं. माझ्याच माळ्यावर लोकांच्या वाणाच्या अकरा गाळण्या पडून आहेत.

कादंबरी तशी हलकीफुलकी. भोसल्यांच्या अमलातलं रायपूर, सुभेदाराच्या कचेरीतला घोड्याला घाबरणारा एक तरुण कारकून आणि मुदपाकखान्यातली एक तोंडाळ मुलगी. तो तळ्याच्या काठाने शीळ घालत जातो, ती आतून ऐकते आणि तिकडे पोळ्या करपतात. शेवटी लग्न. माझं लहानपण इथल्याच बूढापाऱ्यात, तळ्याकाठच्या वस्तीत गेलं, त्यामुळे तळं काही शोधावं लागलं नाही.

तर भाजी घेताना, देवळात, कोणाच्या बारशाला, जिथे म्हणून कोणी भेटेल तिथे एकच शब्द ऐकू यायचा. छान. काय छान, ते कोणी सांगत नव्हतं. शेवटी मी हत्ती सोडला.

"त्या हत्तीच्या प्रसंगात मी जरा अतिच केलं, नाही?" मी खालच्या मजल्यावरच्या सुनेला लिफ्टमध्ये विचारलं.

"नाही वो काकू! हत्तीनं तं लयच मजा आणली," ती म्हणाली. "हम तो हँसते रह गए."

माझ्या कादंबरीत हत्ती नाही. एक म्हैस आहे, तीही बांधलेली. त्या आठवड्यात मी सात जणींना हत्तीबद्दल विचारलं आणि सातही जणींना तो आवडला होता. एकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे.

खरी वाचक एकच निघाली, आमच्या मंडळाच्या अध्यक्षबाई. त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. कादंबरीतली सुभेदारीण पाहुण्यांना अर्धीच वाटी बासुंदी वाढते, आणि ती म्हणजे आपणच, असं त्यांनी ठरवून टाकलं. मला इतका आनंद झाला की विचारू नका. त्यांनी दोनशे पानं वाचली होती आणि त्या गर्दीत स्वतःला शोधून काढलं होतं! शिवाय, खरं सांगायचं तर, त्या त्याच होत्या.

राहता राहिले आमचे हे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात उभी हयात गेलेला माणूस. बोलणं मोजकं. कादंबरीची पहिली प्रत मी त्यांच्याच हातात दिली होती. बाकी जगाने ती पोळपाटाखाली ठेवली असती तरी मला चाललं असतं. पण लग्नाला छत्तीस वर्षं झालेल्या नवऱ्याने तरी ती वाचावी, एवढी एक इच्छा होती. महिना गेला तरी हे काही बोलेनात. मग एकदा चहा देताना मी त्यांच्यासमोरही हत्ती सोडला.

"हत्तीचा प्रसंग कसा वाटला?"

त्यांनी कप बशीत ठेवला. "चांगला आहे," म्हणाले आणि पेपर उघडला.

मला रडूच आलं. बायकांवर मी हसले होते, यांच्यावर हसता येईना. त्या दिवसापासून मी घरात कामापुरतीच बोलू लागले. त्यांनी काहून म्हणून विचारलंही नाही. त्याचाही मला संशय आला.

मग होळीच्या आधी कपाटं आवरताना त्यांच्या स्वेटरांखाली माझी कादंबरी सापडली. पाठीवर कव्हर पार मऊ पडलेलं. आत जागोजागी निळ्या खुणा. पार्सल ऑफिसातली त्यांची ती लाल-निळी पेन्सिल, पार्सल नोंदीशी जुळलं नाही की निळी खूण, ही त्यांची जुनी सवय. मी एकेक खूण वाचत गेले. कारकून शीळ घालतो, तिथे खूण. कारकून तिच्यासाठी कवठ पाडून आणतो, तिथे खूण. कारकून नावेतून हात हलवतो, तिथे खूण. म्हशीजवळ काहीच नव्हतं.

पुस्तक घेऊन मी तशीच बाल्कनीत गेले. "तुम्ही वाचलीत?"

"तीन बार," ते म्हणाले.

"मग हत्ती चांगला आहे म्हणालात ते?"

"हत्ती नाही त्याच्यात, मले मालूम होतं. म्हटलं, तुले हत्तीवरच बोलायचं आहे तं बोल. मले दुसरंच विचारायचं होतं, पण हिंमत नाही झाली." ते समोरच्या इमारतीकडे बघत होते. "मले शीळ वाजवता येत नाही. कवठ मी कधी आणलं नाही. तो पोट्टा कोण होता? बूढापाऱ्यातला होता का?"

मी हसणार होते, पण त्यांचा चेहरा बघून थांबले. महिनाभर मी यांच्यावर संशय घेत होते, आणि हे महिनाभर पानापानांवर स्वतःला शोधत होते. तो पोट्टा कोणीच नव्हता, मी त्याला बसल्या बसल्या बनवला होता. पण हे सांगायला तोंड उघडलं आणि मनात आलं, की मग हे कुठे आहेत? अध्यक्षबाईंना जागा दिली. लहानपणच्या शेजाऱ्यांच्या म्हशीला दिली. ज्यांनी मी लिहीत असताना दोन वर्षं कुकर लावला, त्यांच्यासाठी मला एक ओळ सुचली नव्हती. मला स्वतःची फार लाज वाटली.

"अहो, तुम्हाला शीळ येत नाही म्हणून तर त्याला वाजवायला लावली," मी म्हणाले. "तुमच्या वाटची."

हे वाक्य मला त्याच क्षणी सुचलं होतं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. हत्तीचं कौतुक करणाऱ्या बायकांकडे मी अगदी तशीच बघत असे. मग त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, मिटलं आणि मांडीवर ठेवलं.

"छान," ते म्हणाले.