वाचलं का? मग पुसते!

पालमपासून परभणीपर्यंत जेवढ्या बायकांच्या हातात आज मोबाईल आहे, त्यांत माझ्या थोरल्या आत्याएवढं लिहिणारी कुणी नसेल, आणि लिहिलेलं एवढ्या तडफेनं पुसून टाकणारी तर शोधूनही सापडायची नाही. आमच्या घराण्याच्या ग्रुपचं नाव ‘आपली माणसं’. त्याचा ॲडमिन मी, म्हणजे काहीही बिघडलं की बोलणी खाणारा. हा ग्रुप उघडावा तर वरपासून खालपर्यंत ‘हा मेसेज हटवला गेला’, ‘हा मेसेज हटवला गेला’ अशी रांगच रांग, आणि मधेच कुणाचा तरी केविलवाणा ‘सुप्रभात’. चुलतभावाचं लग्न झालं, नव्या सुनेला मी ग्रुपात घेतलं, तर ती पोरगी काही दिवस गप्पच बसली आणि मग माझ्या बायकोला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, आपल्या घरात एवढी कशावरून भांडणं चाललीत?" तिला समजावता समजावता आमच्या नाकी नऊ आले. भांडणं नव्हती हो, आत्या होती.

एकदा मी वैतागून आत्याला फोनच केला. म्हटलं, "आत्या, पुसायचंच असतं तर लिहितेस कशाला?" तर मलाच वेड्यात काढत म्हणाली, "जेवलेलं ताट कुणी तसंच ठिवतं का रे? वाचलं का? पोटात गेलं का? मंग पुसते! खरकट्याला काय पहारा देत बसू?" आत्याच्या घरी जेवलेल्या माणसाला हे तत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तिच्या घरात उष्टं भांडं दिसलं की तिचा जीव वरखाली होतो. माझा हात तोंडापर्यंत गेलेला, खाली ज्वारीच्या भाकरीचा शेवटचा तुकडा आणि बोटभर ठेचा शिल्लक, आणि बघतो तर समोर ताटच नाही! ताट मोरीत, आत्या मोरीत, आणि मी बोट चाटत बसलेलो. लहानपणापासून तिच्याकडं आम्ही सगळी भावंडं ताटाला डावा हात लावूनच जेवायचो.

मोबाईल आला तशी ही सगळी शिस्त तिनं त्यात नेली. माझ्या बायकोनं एकदा येसर, म्हणजे आमटीला लावायचं भाजणीचं पीठ, कसं करायचं ते ग्रुपवर विचारलं. आत्यानं ही लांबलचक कृती लिहिली. बायकोनं वाचली, धने भाजायला घेतले, बाजरी भाजली, पुढचं बघायला फोन हातात घेतला तर कृती गायब. कढईतून धूर निघायला लागला. घाबरून फोन लावला तर आत्याचा पारा चढलेला, "म्या सगळं बयजवार लिव्हलं व्हतं की! पंगत उठून गेल्यावर वाढा म्हणती का कुणी?" दुसऱ्यांचे मेसेज तिला पुसता येत नाहीत, हे तिचं मोठं दुःख. पण म्हणून ती गप्प बसते असं नाही. एका भाच्यानं गणपतीचा फोटो टाकला, तर पौर्णिमा उलटल्यावर तिचा त्याला फोन, "आरं, तुजा गणपती आजून तिथंच बसलाय. काढ की त्येला, किती दिवस बसवणार?" वाढदिवसाचा आशीर्वादसुद्धा दुसऱ्या दिवशी सकाळी परत घेते. माझ्या मुलीनं हिरमुसून विचारलं, तर म्हणाली, "कालचा वाढदिवस कालच संपला ना माय?"

पण या पुसापुशीत एक गोम होती, आणि ती माझ्या फार उशिरा ध्यानात आली. आत्याला एक धाकटी बहीण आहे, माझी धाकटी आत्या. ती सेलू तालुक्यात देवगाव फाट्याला राहते. तिचं किराणा दुकान आहे, दुकानामागं घर. या दोघी बहिणींचं एकेकाळी इतकं मेतकूट होतं की एकीला ठसका लागला तर दुसरी पाणी पिणार. आणि आता कितीतरी वर्षं झाली, एकमेकींशी बोलत नाहीत. कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. धाकटीच्या लेकीच्या लग्नात थोरली वाढायला होती. व्याह्यांची पंगत बसली होती. मुलाचे मामा पानावर बसून शेवटचा घास मुरवत कुणाशी तरी बोलत होते, आणि आमच्या आत्यानं सवयीप्रमाणं त्यांच्या पुढ्यातलं पान उचललं! मामा ताडकन उठले. पंगतीतून पाव्हण्याला उठवलं, अशी ही बोंब झाली. व्याही रुसले, जोडे घालायला लागले, हातापाया पडून त्यांना थांबवावं लागलं. आणि धाकटी भर मांडवात थोरलीला म्हणाली, "आक्का, तुला कुणाचं काही पुरं होऊ द्यायचं म्हाईतच न्हाई. पुन्ना माज्या दारात पाय ठिवू नको." थोरली तशीच उठली, पिशवी घेतली आणि फाट्यावर येऊन मिळेल त्या गाडीत बसली. तेव्हापासून एक शब्द नाही.

ग्रुपमध्ये मात्र दोघी आहेत. धाकटी कधी काही लिहीत नाही, फक्त वाचते. आणि कुणी कुणी वाचलं हे मेसेजवर बोट दाबून दिसतं, हे थोरलीला एकदा तिच्या सुनेनं दाखवलं. मग काय, आत्या लिहायची आणि दिवसभर येता-जाता ती नावं बघायची. ‘सगळ्यांचं जेवण झालं का बगते’ असं म्हणायची, पण सगळ्यांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. धाकटीचं नाव त्या यादीत दिसलं की दुसऱ्या मिनिटाला मेसेज पुसला. आम्ही वाचो न वाचो, गेला चुलीत. आणि धाकटी कधी गावाला गेली, तिचा फोन बंद राहिला, मेसेज पुसायची दोनेक दिवसांची मुदत टळून गेली, तर तो मेसेज तसाच राहायचा. आज त्या ग्रुपवर आत्याचे जे काही जुने मेसेज शिल्लक आहेत, ते सगळे असे, धाकटीनं वेळेत न वाचलेले. ‘तुरीला फवारणी केली’. ‘गुडघा दुखायलाय’. ‘शेवग्याला लय शेंगा लागल्यात, कुणाला पायजे का’. हे मला कळलं त्या दिवशी मी तिची चेष्टा करणं सोडलं. ती कुणासाठी लिहायची आणि कुणाच्या उत्तराची वाट बघायची, हे कळल्यावर हसू कसं येणार?

आणि मग गेल्या हिवाळ्यात धाकटीनं ग्रुपवर लिहिलं, पहिल्यांदाच. थोरली फोन घरी ठेवून तुरीच्या शेंगा तोडायला गेली होती. परत येऊन बघते तर धाकटीच्या नावाखाली फक्त ‘हा मेसेज हटवला गेला’. तिनं तशीच उभ्या उभ्या मला फोन लावला. "काय लिव्हलं व्हतं रे तिनं?" म्हटलं, मी ऑफिसात होतो, नाही बघितलं. "मंग काढ की वर! तू मालक हाईस ना त्या ग्रुपचा?" म्हटलं, "आत्या, ॲडमिनला पुसलेलं दिसत नाही." "मंग कुणाला दिसतं? पुसलेलं जातं कुटं?" मी म्हटलं, "कुठंच जात नाही गं. जातं ते जातंच."

आत्या अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्हंजी म्या इतके दिस जे पुसलं, ते बी गेलं? मला वाटायचं, ताटं धुऊन मांडणीवर लावतो तसं आसंल कुटंतरी लावलेलं. कुणाला लागलं तर घेतील काढून." एवढी वर्षं ही बाई पुसत नव्हती हो, तिच्या हिशेबानं ती आवरून ठेवत होती.

त्या दिवशी तिनं एकेकाला फोन करून बेजार केलं. कुणीच काही पाहिलं नव्हतं. फक्त नवी सून म्हणाली, दोन ओळी आल्या होत्या, हातातलं काम ठेवून उघडेपर्यंत गेल्या. दोन ओळी! आत्याला जेवण जाईना. मी परभणीत राहतो; दुसऱ्या दिवशी सकाळी मला इथल्याच बसस्टँडवरून तिचा फोन, "म्या आलेय. देवगाव फाट्याची गाडी कुटं लागती? आन् तू बी चल. एकटीनं दारात उभं राहायचं धाडस न्हाई माजं." मी ऑफिसला काहीतरी थाप मारली आणि निघालो. सगळ्या रस्त्यात ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "हाकलून दिलं तर?" एवढं एकदा विचारलं तिनं. म्हटलं, "तर मला देईल, मी पुढं राहतो."

धाकटी ओसरीवर तूर पाखडत बसली होती. तिनं मान वर केली, सूप हातात तसंच राहिलं. केस केवढे पांढरे झाले होते तिचे! "आक्का?" म्हणाली. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. आणि आमची आत्या, जिनं रस्ताभर काय काय बोलायचं ते घोकलं होतं, तिनं उंबऱ्याच्या बाहेरूनच विचारलं, "काय लिव्हलं व्हतंस?"

"कुटं?"

"ग्रुपवर. आन् मंग पुसलंस."

धाकटीनं मान खाली घातली आणि पुन्हा सूप हलवायला लागली. "आगं, ते व्हय? ते चुकून पडलं. दुसऱ्या ग्रुपवर टाकायचं व्हतं."

मला वाटलं, ही आता इथंच खाली बसते. पण आत्यानं पदर सावरला आणि म्हणाली, "मला बी तसंच वाटलं. ह्योच माज्या मागं लागला, चल जाऊन येऊ म्हणून." घ्या! धाकटी उठली, तांब्या भरून आणला, आमच्यापुढं ठेवला आणि तिसरीकडंच बघत म्हणाली, "आलाव तर जेवून जावा. पिठलं टाकते."

मग आम्ही जेवलो. दोघी तुरीबद्दल बोलल्या, गुडघ्यांबद्दल बोलल्या, धाकटीच्या लेकीच्या लेकराला दात आले त्याबद्दल बोलल्या. जे बोलायचं होतं त्याबद्दल कुणी बोललं नाही. निघताना धाकटी रस्त्यापर्यंत आली. गाडी आल्यावर थोरलीचा दंड धरून तिला पायरी चढवली आणि म्हणाली, "पोचलीस की लिव्ह." बस्स, एवढंच.

गाडी सेलूच्या पुढं आली तेव्हा आत्या म्हणाली, "दुसरा ग्रुप म्हणं."

मी म्हटलं, "असेल की. आता प्रत्येकाचे ढीगभर ग्रुप असतात."

"तिचे न्हाईत," आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली. "ती पिठलं हाटायला गेली, फोन खाटंवर पडला व्हता. म्या खालवर सगळा बगितला. येकच ग्रुप हाय त्येच्यात. आपला."

मी चाट पडलो. "मग विचारायचं नाही का तिला?"

"कशाला? तिला लाज वाटली आसंल. मला वाटायची तशी." आणि तिनं पदरानं डोळे पुसले. माझेही भरून आले होते, मी तिकिटाकडं बघत बसलो.

त्या दिवसापासून आत्या काही म्हणजे काही पुसत नाही. तिच्या मेसेजनं ग्रुप आता इतका भरला आहे की माझा फोन रोज जागा नाही म्हणून कुरकुरतो. धाकटीही अधूनमधून लिहिते, ‘बरं’, ‘हाव’, ‘पाऊस झाला का’. येणं-जाणंही सुरू झालं आहे. पण त्या दोन ओळींचं नाव ती काढत नाही, आणि थोरली विचारत नाही. विचारते ती मला. कशालाही फोन केलेला असो, ठेवायच्या आधी तिचा आवाज खाली येतो, "काय लिव्हलं आसंल रे तिनं?" मी कधी म्हणतो, ‘आक्का, ये’ असं लिहिलं असेल. कधी म्हणतो, ‘माझं चुकलं’ असं असेल. ती सगळं ऐकून घेते, आणि मग अगदी लहान पोरीसारखी विचारते, "मंग पुसलं कामून?"