वकील कशाला, बाई?

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण तोंडात बोट घालायची वेळ आली ती एका दहावीच्या पेपरवरून.

वाशिम जिल्ह्यात, मंगरुळपीरकडच्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. पेपर सुरू होऊन तासही झाला नसेल, तोच ठाण्याच्या फोनवर खबर आली: "चार नंबरच्या खोलीतून पेपर फुटला. तिथल्या बाईनंच फोटो काढला." बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. तोवर प्रश्नपत्रिकेचा फोटो गावभर मोबाइलवर फिरत होता.

त्या खोलीवर पर्यवेक्षक म्हणून चाळिशीच्या एक शिक्षिका होत्या. पेपरच्या आधी सगळ्या शिक्षकांचे मोबाइल ऑफिसात जमा होतात, तसा त्यांचाही झाला होता. मुख्याध्यापक म्हणाले, दुसरा लपवला असेल. आणि त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'माझ्याकडून चूक झाली, क्षमा असावी.' घ्या! पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण ही तर मुख्याध्यापकांना दिलेली. कागद मी फाईलला लावला.

बाईंना ठाण्यात बोलावलं, शेजारी महिला शिपाई बसवली आणि मी सुरू झालो. का केलं? कोणासाठी केलं? दुसरा फोन कुठे आहे?

"साहेब, मी फोटो काढला नाही," बाई म्हणाल्या. "सर म्हणाले, शाळेचं नाव जाईल, दोन ओळी लिहून द्या, मी मिटवतो. म्हणून लिहून दिलं."

शिक्षक लोकांचं हे असंच. वर्गात वाघ, पण वरच्याने कागद पुढे केला की मुकाट सही. तेव्हा मात्र मला ती थाप वाटली.

त्या चाचरत म्हणाल्या, "यजमान म्हणतात, वकील करू."

मी हसलो. "वकील कशाला, बाई? वकील गुन्हेगाराला लागतो. खरं बोला, मोकळ्या व्हा."

हे वाक्य माझं नेहमीचं. बाईंना ते पटलंसुद्धा. वकील केला तर लोक काय म्हणतील, ही धास्ती त्यांना अटकेपेक्षा मोठी होती. खरं तर अटक होऊन कोठडी अठ्ठेचाळीस तासांवर गेली असती, तर निलंबन आपोआप झालं असतं. पंधरा वर्षांची नोकरी आणि गावातली अब्रू, दोन्ही पणाला लागलं होतं.

नवऱ्याने मात्र कोणाचं ऐकलं नाही. तो मंगरुळपीरहून एक म्हातारे वकील घेऊन आला. कोट विटलेला, पायात चप्पल. आल्या आल्या म्हणाले, "ठाणेदारसाहेब, अर्धा घंटा मले माह्या अशिलासंगं बोलू द्या. कायदा हाय तो, मेहेरबानी नाही."

राग आला, पण माणूस बरोबर होता. दोघं बाहेर कडुनिंबाखाली बसले. खिडकीतून मला दिसत होतं, म्हातारा बोलत नव्हता, नुसता ऐकत होता.

आत आल्यावर ते बाईंना म्हणाले, "साहेबाले सांगा, पेपर वाटल्यावर तुमी पैले काय करता?"

बाई सावरून बसल्या. "आधी सगळ्यांना प्रश्नपत्रिकेवर बैठक क्रमांक लिहायला लावते. प्रत्येकाचा बघते. तोवर कोणाला वाचू देत नाही. पोरं चिडतात."

"आता तो फोटो काढा, साहेब."

फोटो मी सकाळपासून पन्नासदा पाहिला होता. वरच्या बाजूला बैठक क्रमांकाची चौकट होती, आणि ती कोरी होती. मी फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. कोरीच.

"पोट्ट्याचा पेपर नाही हा," वकील म्हणाले. "गैरहजर पोट्ट्यायचे पेपर उरते, ते ऑफिसात परत जाते. मोबाइलबी तिथंच जमा. पण माह्यावर भरोसा ठेवू नका. पोट्ट्यायले बोलवा, पेपर घेऊन."

बोलावली. पंचांसमोर टेबलावर तेवीस प्रश्नपत्रिका मांडल्या. तेवीसच्या तेवीस चौकटींत शाईने क्रमांक लिहिलेला! मी एकेक हातात घेऊन पाहिली, दोनदा पाहिली.

खोलीत दोघं गैरहजर होते. त्यांच्या दोन प्रश्नपत्रिका बाईंनी पहिल्या अर्ध्या तासातच परत केल्याची नोंद ऑफिसात मिळाली, खाली लिपिकाची सही. त्याचा मोबाइल मागितला. दहा मिनिटांत बोलला. भाचा परीक्षेला बसला होता. त्याच्यासाठी उत्तरं मागवायला बाहेर पाठवलेला फोटो गावभर झाला, तेव्हा घाबरून मित्राच्या फोनवरून बाईंचं नाव सांगणाराही तोच.

मी त्या म्हाताऱ्याला विचारलं, "वकीलसाहेब, हे सुचलं कसं तुम्हाला?"

"सुचलं काई नाही. तुमी इचारून राह्यले होते, काहून केलं. मी इचारलं, रोज काय करता. मास्तर मानूस रोज एकच काम करते, साहेब. त्याचा बचाव तिथंच असते."

एवढं बोलून ते बाईंकडे वळले आणि लिहून दिलेली कबुली मागे घेणारा अर्ज तिथेच बसून लिहायला लागले. संस्थेच्या चौकशीतही तेच उभे राहिले. बाईंचं निलंबन टळलं.

एवढी वर्षं वकील म्हणजे तपासातला अडथळा, असं मी धरून चाललो होतो. त्या दिवशी तपास वकिलाने केला आणि मी नुसता पंचनामा लिहिला. बाई वाचल्या, कारण नवरा हट्टी निघाला. पण त्याआधी त्याच खुर्चीवर किती जण बसले असतील, ज्यांनी माझं ऐकून वकील केला नाही आणि मुकाट सही करून दिली? त्यांतलं कोण खरं बोलत होतं, ते मला आज सांगता येत नाही. रोज काय करता, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.