बोटीखालची ठकठक

संतूचा हात माझ्या हातात होता आणि तो खाली ओढला जात होता. त्याचे पाय जाळ्यात, बोट उलटी, मॅडम ओरडत होत्या. मग हात सुटला... की मीच सोडला, सांगता येत नाही.

भूतखेत मी कधी मानलं नाही. चौथी शिकले, जाळी विणली, मासे विकले. आमचे मालक, संतूचे वडील, याच धरणात बुडाले, सापडलेच नाहीत. तरी मी कुणा भगताकडे गेले नाही.

आमचं धरण कळवणच्या अलीकडे. मासेमारी बंद होती तेव्हा या मॅडम मासे मोजायला आल्या. मशीन पाण्यात आवाज सोडतं, तो माशांना आपटून परत येतो आणि पडद्यावर ठिपके उमटतात. बोट माझ्या मुलाची, संतूची. जुनी नदी कुठून जाते ते मला ठाऊक, म्हणून मीही बसले. लाइफ जॅकेट दोनच होती. एक मॅडमनी मला बळेच घातलं.

"तुम्हाला नको का, संतूभाऊ?"

"मासा कधी बुडतो का, मॅडम?"

भर दुपारी, धरणाच्या मधोमध, बोटीच्या बुडाला ठकठक सुरू झाली. दोन ठोके, जरा थांबून एक.

"तुमचं मशीन वाजतंय का, बाई?" मी विचारलं.

मॅडमनी मशीन बंद केलं. ठकठक चालूच.

संतूचा चेहरा उतरला. "आये, हे तर आबाचं ठोकणं हाय."

खरं होतं. मालक बांबूनं बोटीची कड अशीच ठोकायचे — मासे भिऊन जाळ्याकडे पळावेत म्हणून.

"येड्यावानी बोलू नको. बोट वळव."

"कुठं वळवू?"

"आवाजापासून लांब, कुठं पण!"

आवाज डावीकडून आला की आम्ही उजवीकडे. जन्मभर मासे धरले, पण तेव्हा डोक्यात आलं नाही... इंजिनाचा पंखा जाळ्यात अडकला. संतू सोडवायला वाकला आणि बोट कलंडली.

काठावरच्या लोकांनी टायरच्या ट्यूबवर येऊन आम्हाला काढलं. पंख्याला गुंडाळलेलं जाळं मी नंतर पाहिलं. गाठी माझ्या हातच्या. ते मालकांबरोबरच गेलं होतं. तळाचं जाळं वर आलं असेल, म्हणा. पण ठोकत कोण होतं? मॅडमनीही ऐकलं, त्यांनाही सांगता येत नाही. लोक म्हणतात, मालकच. मग बाप आपल्याच पोराला जाळ्यात कशाला घालील?

बोटीत तिघं होतो. मॅडम आणि मी वाचलो. मला पोहता येत नाही.